तीन खिडक्यांपुढचा माणूस

ज्यांचे वय आज पन्नाशीच्या पुढे आहे, त्यांना बँकेतला पितळी बिल्ला नक्की आठवत असेल. चेक एका खिडकीत द्यायचा, बिल्ला घ्यायचा आणि बाकावर जाऊन बसायचे. आत तो चेक लेजरवाल्याकडे जाई, तिथून सही ताडून पाहणाऱ्या अधिकाऱ्याकडे आणि तिथून कॅशियरकडे. मधला कुणी जेवायला उठला की चेकही त्याच्याबरोबर जेवायला बसे. चुकीच्या खिडकीशी गेलेल्या माणसाला मिळणारे उत्तर ठरलेले असे : "हे काम इथे होत नाही, पलीकडे विचारा." मी ऐंशीच्या दशकात बँकेत लागलो तेव्हा हे वाक्य म्हणजे आमच्या धंद्याचे जणू बोधवाक्यच होते. पुढे संगणक आले, 'सिंगल विंडो' आली आणि बिल्ले मोडीत गेले. ग्राहकाने खिडक्या हिंडायच्या नाहीत, खिडकीमागच्या माणसांनी आपापसांत काय ते हिंडावे, एवढीच त्यामागची साधी कल्पना होती. ती अंगवळणी पडायला आम्हाला वीस वर्षे लागली.

पण आपल्या शहरात एक नागरिक असा आहे की ज्याच्या नशिबी अजून बिल्ला आणि बाकडेच आहे. तो फूटपाथवर झोपतो. त्याचे मन थाऱ्यावर नाही. संध्याकाळी त्याला दारू लागते, क्वचित त्याहून वाईट काहीतरी लागते. घर नाही, मन आजारी आहे आणि व्यसन आहे, अशी त्याची तिहेरी अडचण. पण ती तीन कामे तीन खिडक्यांवर होतात आणि प्रत्येक खिडकी त्याला पलीकडे विचारायला सांगते. आपली नगरपालिका किंवा महापालिका, म्हणजे आपल्या दारापासून सर्वांत जवळचे सरकार, या माणसासाठी एकच खिडकी उघडू शकेल की नाही, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

रविवारी सकाळी चहा घेताना असा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण आपण ज्या फूटपाथवरून आज भाजी आणायला जाणार आहोत, तिथेच हा माणूस झोपलेला असतो. तेव्हा विषय काही फार लांबचा नाही.

आधी काय, नंतर काय?

बेघर माणूस पाहिला की आपण मनातल्या मनात त्याचा इतिहास लिहून टाकतो. दारूने धुळीला मिळाला असेल. डोक्यावर परिणाम झाला म्हणून घरच्यांनी हाकलला असेल. प्रत्यक्षात ही गाठ अशी एका बाजूने बसत नाही. कुणाची नोकरी जाते, मग घर जाते, मग रस्त्यावरची थंडी आणि भीती सोसवावी म्हणून बाटली येते. कुणाला आधी आवाज ऐकू येऊ लागतात, आणि ते गप्प करायला तो दारू पितो. कुणी आधी पितो आणि बाकीचे सगळे मागून येते. वर्षभराने तीनही धागे असे गुंततात की पहिली गाठ कुठली होती, हे त्याला स्वतःलाही सांगता येत नाही. रस्त्यावर झोप नीट लागत नाही, झोप नसली की आजार बळावतो, आजार बळावला की औषधाची वेळ पाळता येत नाही. आणि औषध ठेवायचे तरी कुठे? ज्याच्याकडे फळी नाही, खुंटी नाही, त्याच्याकडे गोळ्यांचे पाकीट किती दिवस टिकणार?

ही माणसे किती? २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची मोजणी झाली. आकडा निघाला सुमारे १७ लाख ७० हजार. त्यांतले ९ लाखांहून अधिक शहरांतले. एकट्या मुंबईत सुमारे ५७ हजार. एका रात्रीत, पुलाखाली आणि फलाटाबाहेर फिरून केलेली ही मोजणी. तेव्हा प्रत्यक्षातला आकडा याहून मोठा असणार, असे या क्षेत्रात काम करणारे नेहमी सांगतात. यांतले सगळेच मनोरुग्ण किंवा व्यसनी नाहीत, हे आवर्जून सांगायला हवे. पुष्कळजण रोज राबून खाणारे आहेत : हमाल, वेटर, नाका कामगार, लग्नात दिवे डोक्यावर धरणारे. १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे म्हटले ते मुंबईतल्या याच पदपथवासीयांच्या निमित्ताने. माणूस फूटपाथवर राहतो तो काम जवळ असते म्हणून, हे त्या खटल्याने देशाला समजावून सांगितले. मी बोलतो आहे ते त्यांच्यातल्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या माणसाबद्दल. ज्याला हातात काम देऊनही भागणार नाही, अशा माणसाबद्दल.

शटरखालचे मास्तर

मी मध्य मुंबईतल्या एका शाखेचा मॅनेजर असताना, २००६च्या सुमाराला, आमच्या शटरखाली एक गृहस्थ झोपत. पन्नाशीचे असावेत. एके काळी छापखान्यात खिळे जुळवायचे. ऑफसेट आले, छापखाना बंद पडला आणि त्यांच्या हातातली कला एका वर्षात भंगारात गेली. आम्ही त्यांना मास्तर म्हणत असू, त्याचे कारण असे की शाखेच्या फळ्यावर 'उद्या बँक बंद राहिल' असे कुणी लिहिले, की सकाळी शटर उघडताना ते मला थांबवून सांगत, "मॅनेजरसाहेब, 'राहील'मधला 'ही' दीर्घ." आणि ते बरोबर असे.

दिवसा ते भिंतीला टेकून बसत आणि उजव्या हाताची बोटे हवेत फिरवत. समोर खिळ्यांची पेटी आहे आणि आपण एकेक अक्षर उचलून ओळ जुळवतो आहोत, अशी ती बोटे फिरत. 'वरून' बातम्या येतात आणि त्या अंकात गेल्याच पाहिजेत, असे ते सांगत. संध्याकाळी कुणीतरी दिलेल्या पैशांची देशी पीत. कोपऱ्यावरचा चहावाला रोज सकाळी त्यांना एक चहा आणि दोन बटर देई, त्याचा हिशेब कुणी ठेवत नव्हते.

त्या पावसाळ्यात त्यांच्या पायाला जखम झाली आणि ती चिघळली. आमचे शिपाई आणि तो चहावाला टॅक्सीत घालून त्यांना एका रुग्णालयात घेऊन गेले. पुढचे तीन दिवस मीही त्यांच्याबरोबर फिरलो. अपघात विभागात जखम धुऊन मलमपट्टी झाली, ती नीट झाली. मानसिक आजाराचे काय, विचारल्यावर मनोविकार विभागाकडे बोट दाखवले गेले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी सौजन्याने विचारले, "नातेवाईक कोण आहे सोबत?" कोणी नाही म्हटल्यावर दाखल करून घेणे अवघड झाले. शिवाय तोंडाला वास येत होता. आधी दारू सोडवा, मग बघू. व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथले म्हणाले, हे तर भ्रमात आहेत, गटचर्चेत काय बसणार? आधी मानसोपचार करून घ्या, आणि घरचे कुणीतरी सोबत हवे. एका संस्थेच्या रात्रनिवाऱ्यात गेलो. तिथे नियमांचा फलक होता. दारू प्यायलेल्या व्यक्तीस प्रवेश नाही. चौथ्या दिवशी मास्तर पुन्हा आमच्या शटरखाली होते, स्वच्छ बांधलेल्या पायासकट.

यांत दुष्ट कुणीच नव्हते. प्रत्येक खिडकीमागचा माणूस आपल्या नियमाप्रमाणे बरोबर होता. बँकेत उभी हयात काढल्यामुळे मला ते फार चांगले कळत होते. चार बरोबर उत्तरांची बेरीज शून्य कशी येते, तेही त्याच आठवड्यात कळले.

पुढे हिवाळ्यात एका सकाळी मास्तर नव्हते. अतिक्रमणाची गाडी आली होती, असे चहावाला म्हणाला. भिकारी धरणारी गाडी होती, असे शिपाई म्हणाले. चौकशी केली, पण ज्याचा पत्ता कुठेच लिहिलेला नाही त्याची चौकशी तरी कुठल्या रजिस्टरात करायची? त्यांचे पुढे काय झाले ते आम्हाला समजले नाही.

खिडक्या तीन का?

याचे उत्तर दिल्लीपासून सुरू होते. निवाऱ्याचा विषय केंद्रात शहरी विकासाच्या मंत्रालयाकडे. मानसिक आरोग्य आरोग्य मंत्रालयाकडे. व्यसनमुक्तीची केंद्रे सामाजिक न्याय मंत्रालयाच्या अनुदानावर. राज्यात उतरल्यावर भिक्षेकरीगृहे महिला व बालविकास खात्याकडे, आणि रस्त्यावर उतरल्यावर माणूस पोलिसांकडे. प्रत्येकाचा निधी वेगळा, फाइल वेगळी, अहवालाचा नमुना वेगळा. हे सगळे प्रवाह एका ठिकाणी मिळू शकतील असा घाट एकच आहे, तो म्हणजे महापालिका. तिच्याकडे दवाखाने आहेत, मोकळ्या पडलेल्या इमारती आहेत, वॉर्ड ऑफिसे आहेत, आणि प्रत्येक गल्ली माहीत असलेले सफाई कामगार व आरोग्यसेविका आहेत.

ही जबाबदारी तिची नाही, असेही म्हणता येत नाही. १९९२च्या ७४व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेला बारावे परिशिष्ट जोडले आणि नागरी संस्थांकडे सोपवता येतील अशी १८ कामे त्यात लिहिली. रस्ते, पाणी, अग्निशमन ही आपल्याला पाठ आहेत. पण त्याच यादीत समाजातल्या दुर्बल घटकांच्या हिताचे रक्षण आहे, त्यात अपंग आणि मतिमंद यांचा उल्लेखही आहे, आणि शहरी गरिबीचे निर्मूलनही आहे. गटार तुंबले तर आपण नगरसेवकाला फोन करतो. या दुसऱ्या कामासाठी कुणी फोन केल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

कायद्याच्या बाजूने पाहिले तर मास्तरांच्या वेळेपेक्षा आज परिस्थिती पुष्कळ बदललेली आहे. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८च्या मे महिन्यात लागू झाला. तो सामान्य वाचकानेही एकदा चाळावा असा आहे. बेघर आणि निराधार माणसाला सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रात मानसिक उपचार मोफत मिळण्याचा हक्क आहे, दारिद्र्यरेषेचे कार्ड हातात असो वा नसो. नातेवाईक नाही म्हणून अडायचे कारण नाही. कुणीच नसेल तर समाजकल्याण खात्याचा संचालक किंवा त्याने नेमलेली व्यक्ती त्याच्या बाजूने उभी राहू शकते. रस्त्यावर भटकणारा आणि स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला, तर पोलिसांनी त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे आहे, कोठडीत ठेवायचे नाही. हरवलेल्या व्यक्तीची नोंद करून त्याच्या घरच्यांचा शोधही घ्यायचा आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्था या कायद्याने मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. म्हणजे दोन खिडक्यांमधली भिंत कायद्याने २०१७ सालीच पाडली. बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला मात्र ते अजून कुणी सांगितलेले नाही.

याच कायद्यात असेही आहे की बरा झालेला माणूस, त्याला घर नाही किंवा घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणासाठी, रुग्णालयात ठेवता येणार नाही. मग त्याने जायचे कुठे? २०१९ साली हा प्रश्न महाराष्ट्राला सर्वोच्च न्यायालयात ऐकून घ्यावा लागला. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्यांना भिक्षेकरीगृहात आणि वृद्धाश्रमात हलवणे ताबडतोब थांबवा, असे न्यायालयाने बजावले. भिक्षेकरीगृह ही संस्था १९५९च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्यातून आलेली. त्या कायद्यात पहिल्या वेळी १ ते ३ वर्षे आणि पुन्हा सापडल्यास १० वर्षांपर्यंत डांबून ठेवण्याची तरतूद आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली त्यातली मुख्य कलमे घटनाबाह्य ठरवली, पण तो निकाल दिल्लीपुरता. आजारी माणसाला गुन्हेगाराच्या खोलीत ठेवून त्याला 'सोय' म्हणणे हा हिशेबातला जुना घोटाळा आहे. खर्ची टाकायची रक्कम जमेच्या बाजूला मांडण्यासारखा.

निवाऱ्याचे गणित

आता तिसऱ्या खिडकीकडे वळू. २०१०च्या जानेवारीत दिल्लीच्या कडाक्याच्या थंडीत निवारे पाडले गेल्याचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्यातून पुढे देशातल्या मोठ्या शहरांसाठी एक माप ठरले. दर एक लाख वस्तीमागे किमान १०० माणसांचा एक निवारा, तोही वर्षभर आणि चोवीस तास उघडा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानात हेच माप घेतले गेले, आणि माणशी ५० चौरस फूट जागा असावी असेही त्यात लिहिले गेले.

आकडेमोड ही माझी जुनी खोड आहे, तेव्हा वाचकांनी दोन मिनिटे सोसावी. २०११ साली मुंबईची वस्ती होती सुमारे १ कोटी २४ लाख. म्हणजे निवारे हवेत १२४. प्रत्येकात १०० माणसे धरली तर जागा झाल्या १२,४००. आणि त्याच जनगणनेतले बेघर होते ५७ हजार. तात्पर्य, मापाप्रमाणे शेवटचा निवारा बांधून झाला तरी पाचांतला एकच माणूस छपराखाली येतो. आणि मुंबईत त्या मापाच्या जवळपासही निवारे झालेले नाहीत. पुण्याची वस्ती तेव्हा ३१ लाख. म्हणजे ३१ निवारे हवेत. पुणेकरांनी आपापल्या भागात मोजून पाहावेत.

पण निवाऱ्याची संख्या हा अर्धाच प्रश्न आहे. जो प्यायलेला आहे, जो रात्री ओरडतो, त्याला आत घ्यायचे की नाही? बाकीच्या साठ-सत्तर दमलेल्या माणसांना झोप हवी असते, तीही गरज खरीच आहे. म्हणून सरसकट सगळ्यांना एकाच दालनात घ्या, असे मी म्हणणार नाही. पण शहरात निदान काही निवारे असे हवेत की जिथे पिऊन आलेल्यालाही दार उघडते, जिथे आठवड्यातून एकदा मनोविकारतज्ज्ञ येतो, आणि जिथे गोळ्या ठेवायला कुलपाचा खण मिळतो. खण ही क्षुल्लक गोष्ट नाही. बँकेत आपण सोने ठेवण्यासाठी खण घेतो. याच्यासाठी गोळ्याच सोने आहेत.

दुसऱ्यांनी काय केले?

इंग्लंडमध्ये हे काम तिथल्या कौन्सिलचे, म्हणजे आपल्या महापालिकेसारख्या संस्थेचे आहे. १९६६ साली बेघर होत जाणाऱ्या एका कुटुंबावरचा 'कॅथी कम होम' हा चित्रपट बीबीसीने दाखवला आणि तो देश हादरला. तरी कायदा व्हायला १९७७ उजाडले. तेव्हापासून ठराविक वर्गातल्या बेघरांना घर मिळवून देणे हे कौन्सिलचे कायदेशीर कर्तव्य झाले. २०१७च्या सुधारित कायद्याने ते आणखी पुढे नेले. माणूस येत्या ५६ दिवसांत बेघर होण्याचा धोका असेल तर तेव्हापासूनच कौन्सिलने हात द्यायचा. रुग्णालय, तुरुंग, रोजगार कार्यालय यांच्याकडे असा माणूस आला तर, त्याच्या संमतीने, त्यांनी कौन्सिलला कळवलेच पाहिजे. 'पलीकडे विचारा' म्हणायची सोय नाही. पलीकडे आपणच कळवायचे. व्यसनमुक्तीच्या सेवाही २०१३पासून तिथे कौन्सिलांकडेच आहेत.

२०२०च्या मार्चमध्ये करोना आला तेव्हा सरकारने कौन्सिलांना सांगितले की रस्त्यावरच्या प्रत्येकाला आत घ्या. रिकाम्या हॉटेलांत काही आठवड्यांतच सुमारे १५ हजार लोकांची सोय झाली. अनेक वर्षे अशक्य म्हटलेले काम, मनावर घेतल्यावर एका महिन्यात झाले. मात्र तिथे सगळे आलबेल आहे असे समजू नये. लाखाहून अधिक कुटुंबे तिथे तात्पुरत्या निवासात दिवस काढताना दिसली आहेत, आणि २०२३ साली बर्मिंगहॅम व नॉटिंगहॅमच्या कौन्सिलांनी हिशेब जुळत नसल्याचे जाहीर करून हात वर केले. कर्तव्य कायद्यात लिहिले आणि तिजोरीत भर घातली नाही, की चेक वटत नाही. हे सांगायला बँकवाला कशाला हवा?

कॅनडाने २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत मोठा प्रयोग केला. मानसिक आजार असलेले सुमारे २ हजार बेघर, त्यांतले बरेच व्यसनी. काहींना नेहमीची मदत दिली. बाकीच्यांना आधी भाड्याचे साधे घर दिले. आधी दारू सोड, आधी औषध घे, अशी अट घातली नाही. त्यांच्याकडे आठवड्याला एक कार्यकर्ता जात राहिला. शेवटच्या सहा महिन्यांत पूर्णवेळ घरात टिकलेले लोक घरवाल्या गटात ६२ टक्के होते, दुसऱ्या गटात ३१ टक्के. खर्चाचेही पाहिले गेले. जे दहा टक्के लोक सतत रुग्णालय, पोलीस, कोर्ट असे फिरत होते, त्यांच्यावर खर्च केलेल्या दर १० डॉलरमागे इतरत्र सुमारे २१ डॉलर वाचले. कमी अडचणीच्या लोकांत ही बचत जेमतेम तीन-साडेतीन डॉलर होती, हेही सांगायला हवे. म्हणजे सगळ्यांत 'हाताबाहेर गेलेला' म्हणून आपण ज्याला सोडून देतो, त्याच्यावरचा खर्चच सर्वांत शहाणपणाचा ठरला.

परदेशातले इथे चालत नाही, असे कुणी म्हणेल. तर मग कोलकात्याला चला. तिथे 'ईश्वर संकल्प' ही संस्था २००७पासून काम करते आहे. रस्त्यावरच्या मनोरुग्णाला उचलून कुठे न्यायचे नाही. तो जिथे आहे तिथेच उपचार सुरू करायचे. रोजची गोळी द्यायला त्याच गल्लीतला चहावाला, दुकानदार तयार करायचा. बेघर महिलांसाठी चेतला भागात निवारा आहे, आणि कोलकाता महापालिकेच्या वॉर्ड आरोग्य केंद्रांत या संस्थेने मानसोपचाराचे दवाखाने चालवले. हे वाचले तेव्हा मला आमच्या कोपऱ्यावरच्या चहावाल्याची आठवण झाली. दोन बटरांबरोबर एक गोळी द्यायला त्याने कधीच नाही म्हटले नसते. फक्त गोळी कुणी दिली नाही.

चेन्नईची 'द बनियन' १९९३पासून आहे. बऱ्या झालेल्या चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात, असा त्यांचा उपक्रम २०१५पासून चालू आहे. आपल्याकडे डॉ. भरत वाटवानी आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली श्रद्धा संस्था सुरू केली. रस्त्यावरचे मनोरुग्ण कर्जतला नेऊन बरे करायचे आणि देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातल्या त्यांच्या घरी पोचवायचे, या कामासाठी डॉ. वाटवानींना २०१८चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि मुक्तांगणबद्दल मराठी वाचकाला काय सांगावे? १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाईंच्या देणगीच्या बळावर ते सुरू केले, तेच मुळी येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. व्यसन आणि मन या दोन खिडक्या एकाच आवारात असू शकतात, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिले होते.

पण या संस्थांचे कौतुक करून आपण घरी गेलो, तर ती एक प्रकारची पळवाट होईल. एखादी संस्था हजार माणसे बरी करील. शहर चालवणे हे संस्थेचे काम नाही. तिच्याकडे कर बसवण्याचा अधिकार नाही, आणि एखादी संस्था दमली की तिच्या दारातली माणसे पुन्हा रस्त्यावर येतात. महापालिकेला दमायची मुभा नसते.

मग करायचे काय? माझ्या मते फार मोठे काही नाही. प्रत्येक वॉर्ड ऑफिसात एक माणूस असा नेमावा की बेघर व्यक्तीची फाइल त्याच्या टेबलावर उघडेल आणि तिथेच राहील. दवाखाना, व्यसनमुक्ती, निवारा, पोलीस यांच्याकडे त्याने फिरावे, बेघराने नव्हे. पालिकेच्या दवाखान्यांत आठवड्यातून दोन संध्याकाळी मानसोपचाराची ओपीडी असावी. संध्याकाळी अशासाठी की हमाली करणारा माणूस सकाळी येऊ शकत नाही. निवाऱ्याचा खर्च अर्थसंकल्पात स्वतंत्र ओळीत दिसावा, म्हणजे वर्षअखेर त्यातले किती खर्च झाले ते तुम्हा-आम्हाला विचारता येईल.

"आमच्या करातून या बेवड्यांना पोसायचे का?" हा प्रश्न मला सोसायटीच्या बैठकीत विचारला गेला आहे. पोसतो आहोतच, असे माझे उत्तर असते; फक्त सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी पद्धतीने. त्याच्या पायाची जखम दर पावसाळ्यात आपणच धुतो. शिवाय एक आकडा लक्षात ठेवावा. २०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच काही उपचार मिळतात. उरलेले ३७ जण आज फूटपाथवर नाहीत. ते आपल्या इमारतींत आहेत, आपल्या नात्यात आहेत, त्यांच्या बायका ते झाकून नेत आहेत. त्यांच्यात आणि मास्तरांत कधी कधी एका पगाराचे आणि एका समजूतदार माणसाचे अंतर असते. घरात असा प्रसंग असेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी फोन क्रमांक जवळ लिहून ठेवा. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

राहता राहिला पत्त्याचा प्रश्न. ज्याला पत्ता नाही त्याची नोंद तरी कशी करायची, असे अधिकारी म्हणतात. पण बँकांना रिझर्व्ह बँकेने हे उत्तर कधीच दिलेले आहे : कागद नसले तरी फोटो लावून, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा घेऊन छोटे खाते उघडता येते. निवडणूक आयोगानेही दिलेले आहे. बेघर माणसाला मतदार यादीत नाव घालायला पत्त्याचा पुरावा लागत नाही. तो सांगतो त्या जागी अधिकारी रात्री जातो आणि माणूस खरोखर तिथेच झोपतो ना, हे पाहतो. एकदा नव्हे, एकाहून अधिक रात्री जाऊन पाहतो, आणि नाव नोंदवतो.

म्हणजे त्याचे मत हवे असते तेव्हा सरकारला फूटपाथवरचा पत्ता सापडतो. तोच कागद हातात घेऊन आणखी एका रात्री कुणीतरी जावे, आणि झोप लागते का, औषध चालू आहे का, एवढेच दोन प्रश्न विचारावेत. यापुढे वॉर्डात मत मागायला जो कुणी येईल, त्याच्याकडून निदान तेवढे कबूल करून घ्यायला आपली काय हरकत आहे?